चानोयूला म्हणजे जपानी चहाच्या समारंभाला पहिल्यांदा जाताय? काय घालायचं, काय काढून ठेवायचं आणि तिथे कसं वागायचं

गेल्या महिन्यात एका ओळखीच्या मुलीचा रात्री साडेअकराला मेसेज आला, ताई आमच्या मॅनेजरच्या आईने उद्या चहाच्या समारंभाला बोलावलंय, साडी नेसू का ड्रेस घालू आणि तिथे गेल्यावर नक्की करायचं काय? तिला घाईत व्हॉइस नोटवर जे सांगितलं तेच इथे नीट लिहितेय, कारण जपानमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांवर ही वेळ कधी ना कधी येतेच, आणि फिरायला येणारेसुद्धा हल्ली क्योटोला गेले की चानोयू बुक करतातच. मी टोकियोत निशी-कासाईला राहते, चार वर्षं झाली एका सेन्सेईंकडे उरासेन्के या घराण्याच्या पद्धतीचा चहा शिकतेय. म्हणजे शिकणारीच आहे अजून, पण पाहुणी म्हणून बरेचदा बसलेय आणि कुठे गोंधळ होतो ते माहितीये.

आधी एकच गोष्ट डोक्यात ठेवा. या समारंभाचे नियम शेकडो आहेत, ते पाठ करायला गेलात तर घाबरून जाल. पण प्रत्येक नियमामागे काहीतरी सांभाळायचं असतं, कुठे भांडं, कुठे चटई, कुठे खोलीतला वास, कुठे शेजारच्याचा मान. काय सांभाळायचंय ते कळलं की अर्धे नियम न सांगता आपोआप पाळले जातात. आपल्याकडे देवघरात शिरताना आपण यादी वाचून थोडीच चपला काढतो, तसंच.

१. आमंत्रण कशाचं आहे ते आधी विचारा

"चहाला या" याचे निदान तीन अर्थ होतात. चाजी म्हणजे पूर्ण सोहळा, त्यात काइसेकी जेवण, मग घट्ट चहा म्हणजे कोइचा, मग पातळ चहा म्हणजे उसुचा, सगळं मिळून चार तास लागतात. पहिल्यांदाच जाणाऱ्याला सहसा याला बोलावत नाहीत. चाकाई म्हणजे छोटा मेळावा, एक गोड पदार्थ आणि बहुतेक वेळा उसुचा, तासाभरात आटोपतं. तुम्हाला बोलावणं आलंय ते बहुधा याचंच. तिसरा प्रकार म्हणजे बागेत किंवा देवळात तिकीट काढून माच्चा म्हणजे हिरव्या चहाची पूड घुसळून केलेला चहा आणि मिठाई घेणं, तिथे फार काही पाळावं लागत नाही, स्वच्छ मोजे असले की झालं.

गुडघ्याचा त्रास असेल तर र्‍यूरेई आहे का ते विचारा, म्हणजे टेबल-स्टूलवर बसून चहा. ही नवी फॅशन वगैरे नाही, १८७२ साली क्योटोच्या प्रदर्शनात परदेशी पाहुण्यांना जमिनीवर बसणं जमेना म्हणून उरासेन्केचे ११वे प्रमुख गेन्गेन्साई यांनी ती पद्धत बसवली, त्यामुळे विचारायला अजिबात लाजू नका.

शाकाहारी असाल तर चाजीच्या आमंत्रणाला हो म्हणतानाच सांगून टाका, आदल्या दिवशी नाही. काइसेकीत मासा उघड दिसतोच पण सूपच्या पाण्यातसुद्धा कात्सुओबुशी म्हणजे सुकवलेला मासा असतो आणि यजमान दोन-तीन दिवस आधीपासून तयारीला लागलेले असतात. मिठाईची मात्र फारशी काळजी नको. बहुतेक वागाशी म्हणजे जपानी मिठाई अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं किंवा पांढऱ्या कडधान्याचं पुरण, तांदळाचं पीठ, साखर आणि कान्तेन यांचं असतं, आणि कान्तेन समुद्री शेवाळापासून करतात, जनावरापासून नाही. अंडं चालत नसेल तर तेवढं विचारून घ्या, काहींत असतं.

२. काय घालायचं

इथेच सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून सविस्तर लिहिते.

साडी चालते. नुसती चालत नाही, आवडते. जपानी लोकांना साडी हा आपला औपचारिक पोशाख आहे हे माहीत असतं आणि तुम्ही मान ठेवून तयार होऊन आलात हे त्यांच्यापर्यंत पोचतं. पण साडी कोणती हे महत्त्वाचं. चहाच्या खोलीत उजेड कमी असतो, भिंती मातीच्या रंगाच्या, तिथे नजर जायला हवी ती तोकोनोमा म्हणजे सजवलेल्या कोनाड्यात टांगलेल्या चित्रलिपीवर, फुलावर आणि भांड्यावर. म्हणून एकरंगी किंवा बारीक काठाची, शांत रंगाची रेशमी साडी उत्तम. किमोनोतसुद्धा चहासाठी इरोमुजी म्हणजे एकरंगी किमोनोच सगळ्यात सुरक्षित मानतात, तेच तत्त्व. भरजरी पदराची पैठणी मी लग्नासाठी ठेवते, जरीचा पदर चहाच्या पुडीच्या लाखेच्या डबीवर घासला तर ओरखडा उठतो. पदर खांद्याला आणि कमरेला दोन्हीकडे पिन करा, कारण तुम्ही वाकून नमस्कार करणार, गुडघ्यांवर सरकणार, भांडं बघायला पुढे झुकणार, आणि सुटा पदर बरोब्बर चहात पडतो. निऱ्या नेहमीपेक्षा किंचित सैल ठेवा म्हणजे गुडघे दुमडताना ताणत नाहीत. कडक खळ दिलेली कॉटनची साडी बसताना फुगते, ती नको. नऊवारी नेसता येत असेल तर बसायला-सरकायला तिच्याइतकं सोयीचं काही नाही, मी स्वतः एकदा नेसून गेलेय.

सलवार-कुर्ता चालतो, ओढणी मात्र घरी ठेवा किंवा नीट पिन करा. वेस्टर्न घालायचं तर बसल्यावर गुडघे पूर्ण झाकले जातील असा घेरदार स्कर्ट. घट्ट जीन्समध्ये तासभर गुडघे मुडपून बसणं म्हणजे शिक्षा आहे. पुरुषांनी गडद सूट किंवा साधा कुर्ता-पायजमा, पँट जरा सैल.

किमोनो भाड्याने घेणार असाल तर दुकानात शिरल्या शिरल्या "ओचाकाईला जायचंय" हे सांगा. मी पहिल्या वर्षी न सांगता घेतला, आणि लेस लावलेला, केसांत लोंबत्या फुलांचा, फोटोसाठीचा किमोनो अंगावर चढवून दिला त्यांनी, तिथे पोचल्यावर बाकी सगळ्या राखाडी आणि फिक्या हिरव्यात आणि मी एकटीच जत्रेला निघाल्यासारखी. युकाता हा उन्हाळ्यातला घरगुती सुती प्रकार आहे, औपचारिक चाकाईला तो नको. ऋतूही बघतात, ऑक्टोबर ते मे अस्तराचा किमोनो, जून आणि सप्टेंबरात बिनअस्तराचा, जुलै-ऑगस्टमध्ये झिरझिरीत विणीचा. आणि एक चूक जी कधीच करायची नाही, किमोनोची डावी बाजू वर यायला हवी. उजवी बाजू वर फक्त मृत माणसाला नेसवताना असते.

आता दागिने. अंगठ्या, घड्याळ, ब्रेसलेट, लांब गळ्यातलं, सगळं काढायचं. कारण साधं आहे, हातात येणारं भांडं २०० किंवा ४०० वर्षं जुनं असू शकतं आणि मातीच्या भांड्याला धातू लागला की तो डाग कायमचा. माझ्या पहिल्या चाकाईत माझं घड्याळ भांड्याला टक्कन लागलं होतं. कुणी काहीच बोललं नाही, पण त्या शांततेत तो आवाज इतका मोठा वाटला की मला आजही आठवतो. भांड्याला काही झालं नव्हतं, नशीब. पैंजणही काढा, चालताना वाजतात. जोडवी मोज्यात अडकतात आणि पाय मुडपल्यावर रुततात, शक्य असेल तर त्या दिवशी काढून ठेवा. टिकली-कुंकू काही अडचण नाही. मंगळसूत्र छोटं असेल तर राहू द्या, लांब असेल तर ब्लाउजच्या आत घाला.

बांगड्यांचं काय, हा प्रश्न खूप जणी मला हळूच विचारतात. माझ्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा त्यांना हिरवा चुडा काढायचा नव्हता, आणि मलाही त्यांना काढा म्हणायचं नव्हतं. मी सेन्सेईंना आठवडाभर आधी सांगितलं की या बांगड्यांचा आमच्याकडे असा असा अर्थ आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मग मऊ कापड बांधूया. सासूबाई लांब बाह्यांचा ब्लाउज घालून आल्या, सेन्सेईंनी स्वतः दोन्ही मनगटांवर सुती पट्टी गुंडाळून दिली. आधी सांगितलं की मार्ग निघतो, ऐनवेळी दारात सांगितलं की दोघांचीही पंचाईत होते.

आणि वास. परफ्युम, अत्तर, वासाचं तेल, मोगऱ्याचा गजरा, काहीही नको. मला गजऱ्याचं वाईट वाटलं होतं, पण तिथे निखाऱ्याजवळ हलका सुगंध ठेवलेला असतो, मे ते ऑक्टोबर चंदनाचे तुकडे आणि नोव्हेंबर ते एप्रिल नेरिको म्हणजे मळून केलेल्या धूपाच्या गोळ्या. यजमानांनी मनापासून निवडलेला तो वास आपल्या वासाखाली दबायला नको. फोडणीचा वासही कपड्यांना धरतो, म्हणून घालायचे कपडे आदल्या दिवशी किचनपासून लांब, बंद कपाटात ठेवा. लांब केस बांधा, नखं कापा.

३. पिशवीत काय न्यायचं

- पांढरे स्वच्छ मोजे, नवे असतील तर उत्तम. घरून घालून जाऊ नका, तिथे दारात बदला. रस्त्यावरचे मोजे तातामीवर म्हणजे तिथल्या गवती चटईवर नेत नाहीत. किमोनो असेल तर पांढरी ताबी, म्हणजे अंगठा वेगळा असलेले मोजे.
- काइशी, म्हणजे मिठाई ठेवायच्या कागदांची घडी.
- कुरोमोजी, मिठाई कापायची काडी. स्टीलचीही मिळते.
- सेन्सु, छोटा पंखा, बायकांचा साधारण १५ सेंटिमीटर, पुरुषांचा १८. हा कधीच उघडायचा नाही आणि वारा तर अजिबात घ्यायचा नाही. नमस्कार करताना बंदच गुडघ्यांपुढे ठेवायचा, तुमच्या आणि समोरच्याच्या मधली ती मानाची रेघ.
- पांढरा साधा रुमाल.
- दागिने ठेवायला छोटी कापडी पिशवी.
- फी असेल तर कोऱ्या नोटा, पाकिटात घालून. आपल्या आहेराच्या पाकिटासारखंच, फक्त वर एक रुपयाचं नाणं नाही.

काइशी, काडी आणि पंखा चहाचं सामान विकणाऱ्या दुकानात नवशिक्यांचा सेट म्हणून एकत्र मिळतात. किमोनोत काइशी छातीपाशी खोचतात, साडीत कमरेला खोचली तरी चालते.

४. पोचल्यावर

पंधरा मिनिटं आधी पोचा, अर्धा तास आधी नाही, यजमान तेव्हा निखारे आणि पाणी यांच्या मागे असतात. कोट, पर्स, फोन सगळं बाहेरच्या खोलीत. फोटो काढायचा असेल तर शेवटी विचारा, मध्ये फोन बाहेर काढू नका.

बाग असेल तर ठेवलेल्या दगडांवरूनच चाला. वाटेत काळ्या दोरीने बांधलेला गोल दगड दिसला तर तो सेकिमोरी-इशी, म्हणजे या बाजूने जायचं नाही. मग त्सुकुबाई, खाली वाकून हात धुवायचं दगडी कुंड. ओगराळ्याने पाणी घेऊन आधी डावा हात, मग उजवा, मग डाव्या तळहातावर पाणी घेऊन चूळ (ओगराळ्याला तोंड लावायचं नाही, हे आपल्याला सांगावं लागत नाही), आणि शेवटी ओगराळं उभं करून उरलेल्या पाण्याने दांडी धुवायची, पुढच्यासाठी.

जुन्या धर्तीच्या चहाघराचं दार म्हणजे निजिरिगुची, जेमतेम ६६ सेंटिमीटर उंच. कितीही मोठा माणूस असो, वाकून गुडघ्यांवरच आत जायचं, आणि सामुराईसुद्धा तलवार बाहेर ठेवून जायचे. ही सगळी साधी, छोट्या खोलीतली पद्धत ज्यांनी रुजवली ते सेन नो रिक्यू १५९१ साली वारले, त्यांच्याच वंशजांची उरासेन्के, ओमोतेसेन्के आणि मुशाकोजिसेन्के ही तीन घराणी. घराण्यांनुसार बारीकसारीक फरक असतात, आत कोणता पाय आधी टाकायचा इथपासून. म्हणून पुढचा माणूस करतो तसं करा. आपल्या गाण्यातल्या घराण्यांसारखंच आहे ते, ग्वाल्हेरवाल्याला किराण्याच्या नियमाने तोलत नाहीत.

आत गेल्यावर तातामीच्या कापडी काठावर पाय द्यायचा नाही, उंबऱ्यावरही नाही. आधी तोकोनोमापुढे बसून चित्रलिपीला नमस्कार करायचा, वाचता येत नसली तरी. मग किटली आणि शेगडी बघायची, मग आपल्या जागेवर.

५. कुठे आणि कसं बसायचं

पहिली जागा शोक्याकुची, म्हणजे मुख्य पाहुण्याची, तो सगळ्यांच्या वतीने यजमानांशी बोलतो, भांड्याची चौकशी करतो. शेवटची जागा त्सुमेची, त्याला भांडी परत पोचवण्याची कामं असतात. या दोन्ही जागा नवख्याने घ्यायच्या नाहीत. परदेशी पाहुणे म्हणून आग्रहाने पुढे बसवायला लागले तरी "मी पहिल्यांदाच आलेय" म्हणून मधली जागा मागा, कुणाला राग येत नाही. शेजारी अनुभवी माणूस मिळाला की निम्मं काम झालं.

बसायचं सेइझात, म्हणजे आपलं वज्रासनच. शाळेत योगाच्या तासाला केलेलं असतं म्हणून आपल्याला वाटतं जमेल, पण दहा मिनिटं वेगळी आणि पन्नास मिनिटं वेगळी. आठवडाभर आधीपासून रोज जेवताना पंधरा मिनिटं वज्रासनात बसायची सवय करा, खरंच फरक पडतो. तिथे पायाचे अंगठे एकमेकांवर ठेवा आणि अधूनमधून वरखाली बदला, वजन किंचित पुढे घ्या. यजमान किंवा शोक्याकु "दोझो ओराकु नी" म्हणाले की आरामात बसायची परवानगी असते, तेव्हा पाय एका बाजूला घ्या. मुंग्या आल्या असतील तर झटकन उठू नका. आधी टाचा वर करून बोटांवर बसा, रक्त फिरू द्या, मग उठा. यात पडून घोटा मुरगळलेली माणसं मी बघितलीत. आणि पाय लांब करून समोरच्याकडे तळवे करायचे नाहीत, हे तर आपल्याकडेही नाहीच करत.

६. मिठाई आणि चहा

मिठाई आधी, पूर्ण खायची, मग चहा. आपण चहा-बिस्किटासारखं एक घोट एक घास करायला जातो तसं नाही, तोंडात राहिलेल्या गोडावरच तो कडू चहा खुलतो. मिठाईचं भांडं तुमच्यापुढे आलं की पुढच्या पाहुण्याकडे वळून "ओसाकी नी" म्हणा, म्हणजे तुमच्या आधी घेते. काइशीची दुमड आपल्याकडे करून समोर ठेवा, चॉपस्टिकने एक मिठाई त्यावर घ्या, चॉपस्टिकची टोकं काइशीच्या कोपऱ्याला पुसा आणि भांडं पुढे सरकवा. ओली मिठाई काडीने दोन-तीन तुकडे करून खायची, कोरडी हाताने. संपली नाही तर काइशीत गुंडाळून घरी न्यायची, ताटात टाकायचं नाही.

मग चहा. खूप पाहुणे असतील तर पहिल्या दोन-तीन जणांचा चहा समोर करतात, बाकीच्यांचा मागच्या मिझुयातून म्हणजे तयारीच्या खोलीतून करून आणतात, त्यामुळे आपला समोर केला नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नका. उसुचाच्या एका भांड्यात साधारण २ ग्रॅम माच्चा आणि ७० मिलिलिटर गरम पाणी असतं. दूध-साखर नाही आणि मागायचीही नाही.

भांडं समोर आलं की

- आधी अलीकडच्या पाहुण्याला, ज्याने प्यायलाय, "ओश्योबान इताशिमास्", मी सोबत करते.
- पलीकडच्याला "ओसाकी नी".
- भांडं गुडघ्यांपुढे घेऊन यजमानांना "ओतेमाए च्योदाई इताशिमास्", तुम्ही केलेला चहा घेते.

ही तीन वाक्यं पाठ करा, बाकी जपानी आलं नाही तरी चालेल. मग भांडं डाव्या तळहातावर, उजवा हात बाजूने. आपल्याला डाव्या हातावर अन्न घ्यायला कसंतरी होतं, पण इथे तेच बरोबर आहे. किंचित उचलून मान झुकवा, आणि घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडं थोडं फिरवा. यजमानांनी भांड्याची सगळ्यात देखणी बाजू तुमच्याकडे करून दिलेली असते आणि तुम्ही त्या बाजूला तोंड लावत नाही, एवढाच त्याचा अर्थ. तीन-साडेतीन घोटांत संपवा, शेवटचा घोट आवाज करून ओढायचा, म्हणजे संपलं हे कळतं. तोंड लावलेली जागा अंगठा आणि बोटाने पुसा, बोटं काइशीला पुसा, भांडं उलट दिशेने फिरवून समोर ठेवा.

मग लगेच परत देऊ नका. माझ्यासाठी सगळ्यात सुंदर भाग इथून सुरू होतो. दोन्ही हात तातामीला टेकवून आधी भांडं नुसतं बघा, मग कोपरं गुडघ्यांवर टेकवून, खाली झुकून, जमिनीच्या जवळच हातात घ्या, म्हणजे निसटलं तरी उंचावरून पडत नाही. आत उरलेला हिरवा फेस, बुडाशी न रंगवलेली माती, कुंभाराच्या बोटांचे ठसे, सगळं दिसतं. फेस कमी दिसला तर चहा बिघडला असं नाही हं, उरासेन्केत वरून पूर्ण फेस आणतात, ओमोतेसेन्केत थोडी जागा मोकळी ठेवतात.

७. कोइचा असेल तर

कोइचा म्हणजे मधासारखा दाट चहा, माणशी ४ ग्रॅमच्या आसपास माच्चा, रिकाम्या पोटी अजिबात घेऊ नका. आणि परंपरेने तो एकाच भांड्यातून सगळे जण पितात. उष्टं. आपल्यातल्या कितीतरी जणांना इथे अडखळायला होतं, मलाही झालं होतं. प्रत्येक जण तोंड लावलेली जागा पुसून, भांडं पुढे देतो, पण पुसलं तरी मन मानेलच असं नाही. कोविडनंतर बऱ्याच ठिकाणी प्रत्येकाला वेगळं भांडं देतात, म्हणून आधी विचारून घ्या. आणि एकच भांडं असेल आणि नकोच वाटत असेल तर आमंत्रण आल्यावरच नम्रपणे सांगा, फक्त उसुचाला येते म्हणून. भांडं हातात आल्यावर नाक मुरडणं सगळ्यात वाईट. मी स्वतः दुसऱ्या वर्षी पहिल्यांदा प्यायले, सेन्सेईंच्या नंतर लगेच, आणि ते जमून गेलं.

८. निघताना आणि नंतर

निघायच्या आधी पुन्हा एकदा तोकोनोमापुढे बसून नमस्कार, मग बाहेर. वापरलेले काइशीचे कागद तिथे टाकायचे नाहीत, स्वतःबरोबर न्यायचे. काही भेट न्यायची असेल तर ती चहाच्या खोलीत नाही, येताना दारातच द्यायची, आणि मसाल्याचा किंवा उग्र वासाचा पदार्थ नको. मी पुण्याहून आणलेल्या आंबा बर्फीचा छोटा डबा दिला होता, सेन्सेईंनी तो पुढच्या क्लासला सगळ्यांना काइशीवर वाढला.

एकदम समारंभालाच जायची भीती वाटत असेल तर आधी बागेतल्या चहाघरात जाऊन सराव करा. पुण्याच्या लोकांनी सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान पाहिलंच असेल, ते जपानमधल्या ओकायामाच्या ज्या कोराकुएन बागेवरून बेतलंय तिथे तर बागेतच चहाचे मळे आहेत.

दोन-तीन दिवसांत यजमानांना हाताने लिहिलेलं पोस्टकार्ड पाठवा, ८५ येनचं तिकीट लागतं. जपानी लिहिता येत नसेल तर चार ओळी कुणाकडून तरी लिहून घेऊन स्वतःच्या हाताने उतरवून काढा, अक्षर वेडंवाकडं आलं तरी चालतं. त्यात तोकोनोमातल्या फुलाचा किंवा भांड्याचा नावानिशी उल्लेख करा, म्हणून तिथे असतानाच फुलाचं नाव विचारून ठेवायचं.